‘सावधान’मधला स

संस्कृती शेवटी दातांवर टिकते. येलहंक्याच्या दंतवैद्याकडे शेजारी बसलेल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी मला हे पटवून दिलं. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. जबड्यात स्क्रू रोवून झाले होते. हाडानं ते पक्के धरले की वर कायमचे दात बसणार होते.

“कवळी का नाही घेतलीत?” मी विचारलं.

“कवळी भर मांडवात सुटली तर? नातीचं लग्न आहे. मंगलाष्टकं मीच रचलीत, म्हणणारही मीच. पण दातांवाचून ‘सावधान’चं ‘थावधान’ होतं. ही म्हणते, स्वल्प, म्हणजे जरा, हळू म्हणा, कुणाला कळत नाही! मंगलाष्टकं काय कानात सांगायची असतात?”

मग अक्षता धरल्यासारखी मूठ वर करून त्यांनी एक कडवं म्हटलं. ‘थावधान’ ऐकून रिसेप्शनवरची मुलगी उभीच राहिली. तेवढ्यात नातीचा फोन आला. त्यांनी तो अभिमानानं स्पीकरवर टाकला.

“आजोबा, आईनं सांगितलं नाही का? आम्ही रजिस्टर लग्न करतोय. तिथे कुणी काही म्हणत नाही, नुसत्या सह्या करतात.”

त्यांची मूठ हळूहळू खाली आली.

इतक्यात डॉक्टर एक्स-रे घेऊन हसत बाहेर आले. हाडानं स्क्रू पक्के धरले होते.