होडीत उभा माणूस

१९८४ साल. मी बासष्ट वर्षांचा. आणि विशीतलं ते पोरगं मला म्हणालं, "ए पोरा, बस खाली! नाहीतर होडी उलटवतो."

आम्ही ओजिब्वे, अमेरिकेतले मूळचे लोक. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात आमचं तळं. तळ्यात भात आपोआप उगवतो. मनोमिन म्हणतो आम्ही त्याला. जाणत्यांनी पिकला म्हटल्याशिवाय कुणी हात लावत नाही. मग पाण्याला चिमूटभर तंबाखू द्यायची नि होडी घालायची. मागे एकाने उभं राहून लांब काठीने होडी रेटायची, पुढे दुसऱ्याने बसून दांडक्यांनी लोंब्या झोडायच्या. होडीत पडेल ते आपलं, पाण्यात पडेल ते पुढच्या वर्षाचं. जमीन गेली, पण हा हक्क पणजोबांच्या पिढीने सरकारशी केलेल्या तहात राखून ठेवलेला.

काठावर सुट्टीवाल्या गोऱ्यांचा नवा बंगला झाला होता. त्यातलं ते पोरगं. मोटारबोट घेऊन आमच्याभोवती गरगर फिरलं. लाटा होडीत. पुढे बायको, माझी म्हातारी, तिला पोहता येत नाही. बसलो मी. काठी आडवी टाकून.

"आमच्या घरासमोर हे चालणार नाही. ओत सगळं."

ओतलं. दोन्ही हातांनी. दिवसभराचा भात.

"शहाणा आहेस," म्हणालं. हसलं.

मनात म्हटलं, चला, पेरणी झाली. स्वतःलाच फसवलं.

घरी भात भाजायची कढई कोरडी. म्हातारीने ती पालथी घातली. मग म्हणाली, "बोर्डिंगात मास्तर ओरडला की असाच बसायचास का रे?"

बोर्डिंग, आमच्या पोरांना घरापासून तोडून ठेवायची गोऱ्यांची शाळा. तीन इयत्ता. आपली भाषा बोललो म्हणून तोंडात साबण कोंबलेला. पळून आलो तिथून. पण कुणी ओरडलं की अजून गुडघे आधी वाकतात. त्या संध्याकाळी कळलं. पोराचा राग आला, त्याहून जास्त ह्या गुडघ्यांचा.

"उद्या तू घरी राहा," मी म्हटलं.

"आणि झोडणार कोण? तुझा मास्तर?"

सकाळी तिने कमरेला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधला. गेलो. त्याच बंगल्यासमोर. भीती होतीच. पाण्यात तंबाखू सोडली. काठावर मोटारबोट सुरू झाली.

"झोड," मी म्हटलं.

काठी चिखलात रोवली. लाट आली, होडी कलली. मी बसलो नाही.