योनास उभा राहायचा, तारिक पळायचा

कराडच्या एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीत चढलो तेव्हा माझ्या डाव्या भुवईवर ताजे टाके होते. आदल्या रविवारी कबड्डीत एकाचा गुडघा तोंडावर बसला होता. रक्त डोळ्यात उतरलं तरी मी त्याचा घोटा सोडला नव्हता. आई निरोप द्यायला आलेली, पण रडण्यापेक्षा चिडलेलीच जास्त. "एवढं शिकून जर्मनीला निघालास आणि थोबाड बघ गुंडासारखं! विमानात घेतील का तुला?" अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत पी.टी.चे मास्तर आणि आमच्या कबड्डी संघाचेही मास्तर. त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली आणि एवढंच म्हणाले, "तिकडं कुणाच्या अंगाला हात लावू नकोस."

गाडी हलली. मला वाटलं, आपल्या आयुष्यातली धरपकड इथंच संपली.

जर्मनीत, डार्मश्टाटच्या विद्यापीठातल्या पहिल्या हिवाळ्यात अण्णांचा सल्ला पाळायला काहीच कष्ट पडले नाहीत. कुणाच्या अंगाला हात लागण्याची सोयच नव्हती. तुम्ही जे गावाकडेच राहिलात त्यांना हे सांगून पटायचं नाही, आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांना सांगायला नको. आपल्याकडे दिवसभरात दहा माणसं पाठीवर थाप मारतात, कोपर लावतात, खांद्याला धरून बाजूला सारतात. इथे ट्राममध्ये चुकून बाही घासली तरी समोरचा "एन्टशुल्डिगुंग", माफ करा, म्हणून मागे सरायचा. आठवडेच्या आठवडे असे जायचे. मग आतून एक राग साचायला लागला. कुणावर, ते कळत नव्हतं. लॅबमध्ये घट्ट बसलेला नट सोडवताना मी पाना असा फिरवायचो, की प्रोफेसर लांबून बघत राहायचे.

आम्ही चौघं एका 'वेगे'त राहायचो, म्हणजे फ्लॅट एक, खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं. शेजारच्या खोलीत योनास होता, कासेलचा, उंच, शांत, गणित शिकणारा. एकदा वॉशिंग मशीन वर चढवायचं होतं. बाकीचे पट्टे शोधत होते, तेवढ्यात मी ते पाठीवर घेऊन जिना चढलो. योनास वर उभा राहून बघत होता. म्हणाला, "तर मग, प्रताप, रविवारी मैदानावर ये. आम्हाला तू हवा आहेस."

अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठाच्या पोरांचा संघ. नावात 'फुट', म्हणजे पाय, असला तरी खेळ सगळा हातांचा आणि खांद्यांचा. डोक्यावर हेल्मेट, छातीवर चिलखत. चेंडू पहिल्यांदा येतो तो क्वार्टरबॅककडे, आणि तो कुणाला द्यायचा, कधी फेकायचा, हे तो ठरवतो. समोरच्यांचं काम त्याला आडवा करणं. त्याच्यापुढे आम्ही पाच धिप्पाड गडी. आमचं काम, त्याला हात लागू न देणं. चेंडू मागे देणारा मधला गडी सोडला तर चेंडूला आम्ही शिवतसुद्धा नाही. फक्त आदळायचं.

पहिल्याच सरावात एकानं मला असा धडकावला, की दात वाजले आणि तोंडात लोखंडासारखी चव आली. मी उठलो, पुन्हा उभा राहिलो, आणि पुढच्या खेपेला त्याला छातीत खांदा घालून उचलला, चिखलात आपटला. त्याच्या छातीतली हवा निघाल्याचा आवाज मला ऐकू आला. तो खालूनच अंगठा वर करून हसला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

आमचा क्वार्टरबॅक योनासच होता. तो उभा राहायचा. चेंडू हातात आला की पाच-सात पावलं मागे, आणि मग आम्ही पाचजणांनी केलेल्या त्या अर्ध्या गोलात खांबासारखा. समोरून माणसं किंचाळत येतायत, कुणाचे पंजे हेल्मेटवर, कुणाचं ढोपर बरगडीत, आणि हा मात्र लांब बघतोय. लांब पळणारा आपला गडी मोकळा होईपर्यंत वाट बघायचा. ते दोन-तीन सेकंद माझ्या अंगावर निघायचे. माझी बोटं सुजायची, नखं काळी पडायची. पण त्यानं फेकलेला चेंडू असा जायचा, की मार खाल्ल्याचं चीज व्हायचं.

दुसरा क्वार्टरबॅक तारिक, ऑफेनबाखचा, बुटका, चपळ. तो कधी एका जागी नसायचा. पहिला धोका दिसला की निघाला, डावीकडून, उजवीकडून, कधी आमच्याच पायांतून. त्याच्या वेळी आम्हाला कळायचंच नाही, की आपण राखतोय तो मागे आहे की पुढे गेला. समोरच्याला धरून ठेवलेलं असायचं आणि पाठीमागून तारिकचा श्वास सपकन जवळून जायचा. कधी चाळीस पावलं पळायचा, कधी तिघे मिळून त्याला जमिनीत गाडायचे. ट्रेनर दोघांना आलटून पालटून खेळवायचे आणि संघात दोन तट पडले होते. बीअर पिताना यावर गळे धरण्यापर्यंत वेळ यायची. मी योनासच्या बाजूचा. पळणाऱ्याला आपली गरज नसते असं मला वाटायचं.

वसंतात शेजारच्या एका विद्यापीठाशी सामना होता. मैदान रात्रभरच्या पावसानं लोण्यासारखं झालेलं. त्यांचा एक दांडगा गडी, मान नसलेला, पहिल्यापासून योनासवर डोळा ठेवून होता. दोनदा मी त्याला अडवला. दुसऱ्यांदा त्यानं माझी करंगळी हेल्मेटच्या जाळीत अडकवून मोडली. मी चिकटपट्टीनं ती शेजारच्या बोटाला बांधली.

तिसऱ्यांदा तो दुसऱ्या बाजूनं आला. त्या बाजूचा आमचा गडी घसरला होता आणि मी दोघांच्या खाली दबलेलो. खालून मला फक्त योनासचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत. चेंडू सुटला, आणि मग तो दांडगा पूर्ण वेगानं त्याच्या उघड्या खांद्यात घुसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज. योनास किंचाळला. त्याचा उजवा हात नको त्या दिशेला वळला होता आणि गळ्यापाशी हाड कातडीला आतून ढकलत होतं.

रेटुंग्सवागन, म्हणजे अँब्युलन्स, येईपर्यंत मी त्याचं डोकं धरून बसलो. तिचं दार लागताना तो म्हणाला, "झेलला का त्यानं?" झेलला होता.

योनासच्या जागी तारिक मैदानात आला. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो बिनमानेचा गडी होता. तारिकनं माझी जाळी धरून तोंड स्वतःकडे ओढलं. "त्याला मारायचंय ना तुला? मार. पण सरळ रेषेत मार. मी तुझ्या पाठीला चिकटून येतो."

आणि तसंच झालं. तारिकचा तळवा माझ्या कमरेवर, आणि मी पुढे. पहिल्यांदा त्या गड्याला दोन पावलं मागे रेटला. मग चार. मग तो पाठीवर पडला आणि मी त्याच्यावरून गेलो. प्रत्येक धडकेला माझ्या तोंडून "आई गं" निघत होतं आणि तुटलेल्या करंगळीतून वीज जात होती. शेवटी त्याच्या नाकातून रक्त आलं, तो उठला आणि स्वतःहून दुसऱ्या बाजूला गेला. आम्ही जिंकलो. कुणी ओरडलं नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तोंडाला कडवटपणा आला होता.

दवाखान्यात योनासची आई बसली होती, कासेलहून आलेली. माझ्या खांद्यांकडे बघून तिनं विचारलं, "तुम्हीच का त्याच्या पुढे उभे राहता?" मी "या", म्हणजे हो, म्हणालो. मला वाटलं, आता ही बोलणार. तिनं माझा सुजलेला हात मांडीवर घेतला आणि नर्सला हाक मारून बर्फ मागितला.

तोवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ फिरत फिरत कराडला पोचला होता. आईचा फोन आला. हा खेळ मी खेळतो हे तिला ठाऊक नव्हतं. ती ओरडली नाही.

"तो पोरगा पडला तेव्हा तू कुठं होतास?"

"दोघांच्या खाली होतो, आई."

मग, "त्याची आई आली का?"

"आलीय."

"तिला जेवायला कोण घालतंय?"

त्या संध्याकाळी मी एका हातानं पिठलं-भात केला आणि डबा घेऊन दवाखान्यात गेलो. योनासच्या आईनं, फ्राऊ बेकरनं, सगळा संपवला, घाम पुसत पुसत.

अण्णांनी मात्र तो व्हिडिओ किती वेळा पाहिला कोण जाणे. पुढच्या फोनवर सल्ला वगैरे विसरून म्हणाले, "तो उभा राहणारा पोरगा धाडसाचा. त्याला स्वतःपेक्षा तुमच्यावर भरवसा." मी म्हटलं, "म्हणजे पळणारा भित्रा?" "छे! पळणाऱ्याला तुम्ही पाडलेली वाट दिसते. अरे, तुझ्या पाठीवर हात ठेवून आला तो. भरवसा त्याचाही होताच की. फक्त तो पायांत होता."

योनासचा खांदा पुन्हा तसा फेकण्याजोगा झाला नाही. पुढच्या मोसमात तो कडेला उभा राहून तारिकला शिकवायचा. थांब, अजून थांब, आत्ता. तारिक शिव्या देत थांबायला शिकला.

आता मी स्टुटगार्टला नोकरी करतो, गिअरबॉक्सच्या चाचण्या. रविवारी इथल्या क्लबात अजून आदळतो. करंगळी वाकडीच राहिली. घर म्हणजे काय, असं विचारलं तर मला कराडच्या दोन खोल्या दिसतात तशीच ती चिखलातली पाचजणांची रांगही दिसते. ज्यांच्यासाठी आपण न विचारता मार खाऊ ती सगळी माणसं माझ्या घरची, मग ती कासेलची का असेनात.

यंदा सुट्टीत कराडला गेलो होतो. दुपारी जेवून अंथरुणावर पडलो, पंखा फिरत होता, आणि स्वप्नात कुणीतरी बाजूनं घुसलं. मी ताडकन उठून बसलो आणि "लिंक्स!" म्हणून ओरडलो.

आई दारात गहू निवडत होती. "काय रे? काय म्हणालास?"

"डावीकडून येतोय म्हणून सांगत होतो."

"कुणाला?"

"योनासला. तारिकला. सगळ्यांना."

तिनं सुपातला एक खडा बाजूला टाकला. "ऐकलं का त्यांनी?"

"ऐकलं असेल."

"मग झोप आता," आई म्हणाली. "ते बघतील."