आमचा दादा ऑनसाइट आहे

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी हडपसरला एका आयटी कंपनीत टेस्टिंग करते. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो आम्ही सरळ बंद करून टाकतो. हा एक काही केल्या बंद होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय...

आम्ही मूळचे अकोल्याचे. बाबा लवकर गेले. नितीनदादाला पुण्यात नोकरी लागली, तसं त्याने आईला आणि मला विश्रांतवाडीला आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या ‘मले-तुले’ला हसलं. तेव्हापासून दाराबाहेर पडला की दादा असं काही घासूनपुसून बोलायचा की ऐकणाऱ्याला पेठेतला वाटावा. वऱ्हाडी फक्त घरात, आईशी आणि माझ्याशी.

पुढे कंपनीने त्याला बंगळूरला पाठवलं. तिथे त्याने आत्महत्या केली. कशी, ते लिहिणार नाही. का, ते आम्हाला आजही माहीत नाही. आदल्या रविवारी फोनवर तो आईला भरल्या वांग्यांबद्दल विचारत होता. त्या फोनमधला शब्दन् शब्द मी कितीदा तपासलाय... दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते मी, आणि सख्ख्या भावाच्या आवाजात काही बिघडलंय ते मला कळलं नाही.

सगळं तिकडेच उरकून परतलो, तर जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे बापटकाका भेटले.

“काय, चिरंजीव दिसत नाहीत हल्ली?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “ऑनसाइट गेलाय काका. अमेरिकेला.”

जरा सावरलो की सांगू, असं मनात होतं. पण घरात आल्यावर आईने माझा हात घट्ट धरला. “बरं केलं माय. लोकं काय काय इचारतीन...”

झालं. सहा वर्षं दादा ऑनसाइट. दिवाळीत कोणी चौकशी केली की आई म्हणायची, “मजेत आहे.” भिंतीवर फोटो नाही, श्राद्ध नाही. रडायचं तर बाथरूमचा नळ सोडून, खाली ऐकू जायला नको म्हणून. हळूहळू घरातसुद्धा त्याचं नाव घेणं बंद झालं. आईची झोप उडाली, जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर गोळ्या बदलत राहिले — त्यांनाही आम्ही खरं सांगितलं नव्हतं. माझी आई माझ्यासमोर विझत चालली होती आणि कारण मला माहीत होतं. ती थाप माझी होती.

गेल्या वर्षीचा एक रविवार. सकाळचे साडेअकरा. दार उघडं होतं, आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. बापटकाका धापा टाकत वर आले.

“अहो, चिरंजीव आलेत आणि आम्हाला पत्ता नाही! आत्ता जिन्यात भेटला. वाळलाय फार. कधी आलास विचारलं, तर काहीतरी भलतंच बोलला.” काकांनी चष्मा वर सरकवला. “म्हणाला, ‘मी कुठीच गेलो नाही काका. घरीच हावो. कोनी मले आवाजच देत नाही.’ आता आवाज कसला द्यायचा? अमेरिकेत राहून मराठी विसरला की काय?”

पुण्यात हाक मारतात. आमच्याकडे आवाज देतात.

आईच्या हातातली जुडी खाली पडली. ती उठली, आतल्या खोलीच्या दारात गेली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली, “नित्याऽऽ! जेवाले ये ना रे, नित्याऽऽ!”

मग ती तिथेच खाली बसली आणि मोकळ्या गळ्याने रडायला लागली.

काका भांबावून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “काका, दादा नाहीये. सहा वर्षं झाली. त्याने आत्महत्या केली.” तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होते. एरवी कोणालाही टोमणा मारल्याशिवाय न सोडणारे काका आत आले आणि आईजवळ जमिनीवर बसले. दुपार उलटेपर्यंत बसून होते.

नंतर मी खूप डोकं चालवलं. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तेव्हा माणूस ओळखण्यात चूक होऊ शकते. डोळ्यांचं मान्य. पण त्यांच्यासमोर दादा कधी ‘मले’ म्हणाला नव्हता. आम्हीही नाही. मग ते वाक्य काकांकडे आलं कुठून?

आई आता डॉक्टरांशी खरं बोलते. जेवते. ताटं वाढली की रोज एकदा त्याला आवाज देते आणि मग शांतपणे बसते.

मी अजून दिलेला नाही. ओठांपर्यंत येतो आणि मी थांबते. त्याने ओ दिली तर काय करायचं, ही भीती आहेच... पण नाही दिली तर?