पेन्युरी आणि दानाचा पलंग

उत्तरेतल्या या तीर्थक्षेत्री, ब्रह्माघाटावरच्या आमच्या खोलीत मी इंग्रजीची शिकवणी घेतो. परवा धड्यात ‘पेन्युरी’ हा शब्द आला. घरात काहीच उरलेलं नसणं, असा अर्थ मी सांगितला. एका मुलीनं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, “सर, आपके यहाँ तो सब कुछ है.”

बाबा भिक्षुकी करतात. लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या नावानं त्यांना गाद्या, छत्र्या, तांबे दान देतात. दान विकायचं नाही हा बाबांचा हेका, म्हणून सगळं छतापर्यंत रचलेलं. त्या दिवशी सकाळीच आईनं डाळीचा रिकामा डबा पालथा घातला होता.

मी मुलीला हो म्हटलं. वैतागून बाहेर जायला उठलो, तर दारात नवा पलंग आडवा होता, कुणाच्या तरी वडिलांच्या नावाचा.