आमचे कोयते, त्यांचा बंब

टेबलावर पांढरीशुभ्र चादर होती. तिच्यावर आमचे कोयते ठेवायचे होते. चादर मळेल म्हणून एका बाईने लगबगीने खाली वर्तमानपत्र पसरलं. मग आमच्या पाड्यातल्या बायांना रांगेत उभं केलं. पहिली माझी आई.

"ठेव," वकीलसाहेब म्हणाले. "हळू ठेव. आदळू नकोस."

आईने कमरेचा कोयता काढला आणि ठेवला. समोर खुर्च्यांवर मुलुंडची मंडळी बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आईचा कोयता काढून घेतला, म्हणून टाळ्या.

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नुकती लुगडं नेसायला लागले होते. मुलुंडच्या मागच्या डोंगरात आमचा वारल्यांचा पाडा. आखाड लागला होता आणि साहेबलोकांना वनमहोत्सव करायचा होता. म्हणजे आमच्या रानात मांडव घालायचा, रोपं लावायची, भाषणं करायची आणि जेवायचं. आदल्या दिवशी जंगलाचा गार्ड येऊन दम देऊन गेला. सगळ्या बायांनी कोयते घेऊन यायचं. जी येणार नाही तिने पुन्हा रानात पाय टाकायचा नाही.

वकीलसाहेब त्यांच्या झाडं वाचवण्याच्या मंडळाचे अध्यक्ष. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "आता माझ्यामागून म्हणा. आम्ही अडाणी आहोत. आम्ही जंगलाचा नाश केला. यापुढे आम्ही झाड तोडणार नाही."

बाया म्हणाल्या. माझी आईही म्हणाली. ती मध्येच अडखळली, तर पुढच्या रांगेतले दोघे हसले.

आम्ही नाश केला! मग नाश करणाऱ्यांची रीत ऐका. पाड्याने डोंगराचे दोन भाग केले होते. ओहळाकडचा एक वर्ष बंद, पलीकडचा उघडा. पुढच्या वर्षी उलट. हिरवं झाड कोणी तोडायचं नाही, वाळून पडलेलं तेवढं वेचायचं. पावसाळ्यात लाकडासाठी रानात जायचंच नाही, वळचणीला रचून ठेवलेल्यावर भागवायचं. राखणीला घरं पाळीने जात. माझ्या सख्ख्या मामाने एकदा ऐनाचं हिरवं झाड तोडलं, तर पाड्याच्या बैठकीने त्याला एक अख्खा मोसम एकट्याने राखण करायला लावली. मुलुंडहून हे विचारायला कोणी आलं नव्हतं.

त्या वर्षी ओहळाकडचा भाग बंद होता. मंडळींनी मांडव नेमका तिथेच घातला. जर्मनीशी लढाई चालली होती तेव्हा कंत्राटदाराने तिथली झाडं तोडून नेली होती. त्यांच्या खुंटांना फुटलेले कोंब आम्ही राखले होते, कमरेएवढे झाले होते. यांनी ते झुडपं म्हणून छाटून फेकले आणि शेजारी खड्डे खणून गुलमोहर लावले. फोटो काढताना टोप्या सरळ केल्या. एवढी अक्कल यायला माणसाला फार शिकावं लागतं.

मांडवामागून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. त्या चुलीत आमचंच लाकूड जळत होतं. सकाळी गार्डाने आईला आमच्या वळचणीतली मोठी मोळी आणायला लावली होती, साहेबांच्या स्वयंपाकाला. पावसाळा अजून सगळा पुढे होता.

या वकिलाच्या घरी आई बारा महिने मोळी घालायची, पावसाळ्यात वळचणीतली. त्यांच्या मोरीत आंघोळीचं पाणी तापवायचा मोठा तांब्याचा बंब होता. सगळं घर त्या पाण्याने न्हायचं आणि आम्हाला मागच्या दारी उभं करायचं.

शपथ झाली. मंडळी पंगतीकडे निघाली. आम्ही तशाच उभ्या. तेवढ्यात वकिलीणबाई आईजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मंगळवारी मोळी आण हं. आणि त्या काटक्या नकोत बाई, नुसता धूर होतो. चांगल्या जाड फोडी आण."

आई खाली बघत म्हणाली, "हां, बाय."

माझं डोकं फिरलं. जाड फोडी वेचून मिळत नाहीत, उभं झाड पाडावं लागतं. हिच्याच नवऱ्याने आत्ता माझ्या आईकडून शपथ वदवली होती आणि हिनेच टाळ्या वाजवल्या होत्या. मला रडू आलं नाही. शिसारी आली. त्यांच्या कडक इस्त्रीची, त्यांच्या झाडांवरच्या प्रेमाची, पुऱ्यांच्या वासाचीसुद्धा. पोटात भूक होती म्हणून जास्तच.

मी टेबलाशी गेले आणि आईचा कोयता उचलला.

"ए पोरी! ठेव तो खाली," वकीलसाहेब ओरडले. "शपथ मोडतेस?"

मी म्हटलं, "जाड लाकूड तुमची बाय मागते. पयली तिला उभी करा."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. साहेब शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "या लोकांचं भलं करायला जाऊच नये." आणि जेवायला बसले. खरंच बसले, पुऱ्या खाल्ल्या.

आईने सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली. माझ्या हातातला कोयता हिसकावून घेतला. आता ती तो परत टेबलावर ठेवणार, असं मला वाटलं. तिने तो कमरेला खोचला आणि चालू लागली. मागून आणखी काही बायांनी आपापले उचलले. सगळ्यांनी नाही. उरलेले गार्डाने पोत्यात भरून नेले.

दुसऱ्या दिवशी पाड्याची बैठक बसली. मी म्हटलं, त्या लोकांच्या घरी आपली काडी जायची नाही.

"आन मग खायाचं काय?" आईने विचारलं.

"कंद खाऊ. गवंड्याच्या हाताखाली जाऊ. मोळी नाय," मी म्हटलं. बैठकीने ते मानलं. घाबरत मानलं, पण मानलं. त्या पावसाळ्यात आम्ही अनेकदा उपाशी झोपलो, ते मी लपवत नाही.

मंगळवारी वकिलाचा गडी आला. बंब थंड पडलाय, बाई चिडल्यात, म्हणाला. आई माझ्यामागे दारात उभी होती. मला गप्प करील असं वाटलं, पण ती पुढे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"साहेबाला सांग," मी म्हटलं, "ते टेबल फोड आन बंबात घाल."

गुलमोहर होळीपर्यंत वाळून गेले. लावणारे पाणी घालायला फिरकले नाहीत. आम्हीही घातलं नाही, खोटं कशाला बोलू? छाटलेल्या खुंटांना पुढच्या पावसात पुन्हा कोंब फुटले. तिथे आम्ही राखण दुप्पट केली.

आता माझी मुलगी कमरेला कोयता लावते. तिला मी एकच सांगितलंय. रान राखायचं, ते कोणाच्या टाळ्यांसाठी नाही. आणि हा कोयता कोणाच्याही टेबलावर ठेवायचा नाही. मागणारा कितीही मोठा असो. आम्ही उपाशी असलो तरी.