बर्फातली बाटली

आमच्या सासूबाई, पार्वती, तीस वर्षं शिरोड्याच्या बाजारात मासळी विकतात. त्यांच्याकडे जगातल्या सगळ्यावर एकच उपाय, बर्फ. ताप आला, बर्फ. पाय मुरगळला, बर्फ. त्या बर्फापायी माझा अख्खा महिना पाण्यात गेला.

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी उपचार समजावला. आधी गोळ्या, सोनोग्राफीत बीज पुरेसं वाढलं की ते फुटायला इंजेक्शन, आणि साधारण दीड दिवसाने नवऱ्याचं वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडायचे. भूल नाही, टाके नाहीत. दोनदा फसलं होतं. या महिन्यात मात्र दोन बीजं छान वाढली होती आणि मी आशेवर होते.

माझा नवरा किरण दवाखान्याच्या खोलीत वीर्याची बाटली द्यायला बसला की घामाघूम होतो. म्हणून बाईंनी घरून आणायची परवानगी दिली. तासाच्या आत पोचवायची आणि बाटली अंगाच्या उबेत ठेवायची. मी ती ब्लाउजमध्ये ठेवणार होते. त्या सकाळी फाइल शोधायला आत गेले, तेवढ्यात टेबलावरून बाटली गायब.

"बाटली खंय आसा?"

"आसा गो, नीट ठेवलंय. रिक्षेत बस," सासूबाई म्हणाल्या.

दवाखान्यात त्यांनी थर्माकोलचा डबा उघडला. बर्फ, आणि मधोमध आमची बाटली.

"आये, ह्यां काय केलंस?" किरण मटकन खाली बसला.

"मासळी बर्फात दोन दिस रवता, ह्यां तासभर रवाचा नाय?"

गारठ्याने शुक्राणू हलेनासे झाले होते. बाईंनी किरणला दुसरी बाटली दिली, ती तो अर्ध्या तासाने रिकामीच घेऊन आला. वेळ निघून गेली. मी चार दिवस सासूबाईंशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी बाजारात सासूबाईंच्या शेजारी मासळी विकणाऱ्या लक्ष्मीकाकीने मला गाठलं. "तुजी सासू सगळ्यांक सांगता, सुनेत काय खोट नाय, बर्फात मियां घातलंय."

म्हणजे आमची बाटली बाजारभर झाली होती. मी तणतणत सासूबाईंसमोर उभी राहिले. "तुमी कित्याक सांगितल्यात?"

त्यांनी कापायला घेतलेल्या बांगड्यावरून नजरही उचलली नाही. "सहा वर्सां सगळी तुकाच इचारतत. आता माका इचारू देत."

मला रडू फुटलं. तर या बाईने लगेच माझ्या कपाळाला बर्फाचा खडा लावला.