थर्मोस्टॅटला वऱ्हाडी येत नाही

मंडळी, आज सकाळी आमच्या यवतमाळच्या घरी एसीला स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला. पुण्याच्या मुलाचा हट्ट! त्याच्या आईचं, म्हणजे हिचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला उठावं लागू नये, नुसतं बोललं की खोली गार. जुना रिमोट बाद झाला.

दुपारी ही घामानं निथळत म्हणाली, "लय उकडून राह्यलं बाप्पा!"

यंत्रानं बटाटे उकडायची कृती सांगितली.

"अगं, शुद्ध बोल," मी म्हणालो.

"अवो, घाम काय शुद्ध मराठीत येते का?"

मग मीच शाळेतल्या कवितेच्या चालीत आळवलं, "शीतल समीर वाहू दे."

"समीरला फोन लावू का?" यंत्रानं विचारलं.

शेवटी पुठ्ठ्यानं तासभर वारा घातला, तेव्हा कुठं तिचा डोळा लागला.

आता मुलाला काय कळवू, सांगा: यंत्र बदल, की आईची बोली?